न मोजलेली विहीर

“ह्या दोन नका बदलवू साहेब,” चंद्रभान म्हणाला. “बाकीच्या च्यार म्हनसान तशा करतो. पन ह्या दोन राहू द्या.”

“गजभिये, साढ़ेदस बजे मुंबई के साहब लोग आ रहे हैं,” आमचे संचालक डॉ. ओमप्रकाश म्हणाले. “उनके सामने मशीन हकलाएगी क्या? स्क्रीन पर एक भी एरर नहीं आना चाहिए. जो नहीं मालूम, उसको चुपचाप ‘नो’ बोलने दो.”

“नो आनि मालूम नाई, ह्या दोन अलग गोष्टी हायेत ना साहेब.”

डॉक्टरसाहेब माझ्याकडे वळून हसले. मीही हसलो. साहेब हसले की आपण हसायचं, एवढी अक्कल मला प्रोबेशनच्या पहिल्याच महिन्यात आली होती.

ही एकोणीसशे सत्त्याऐंशीच्या मार्चमधली गोष्ट. आमची संस्था नागपुरात, सदरमध्ये एका जुन्या बंगल्यात होती. तिचं नाव सांगत नाही. सांगून कुणाचं भलं होणार नाही, आणि माझं पेन्शन अजून तिथूनच येतं. काम म्हणजे विहिरींचं पाणी मोजणं. आमची रोजंदारीवरची माणसं गावोगावी जायची, खडू फासलेली पोलादी टेप विहिरीत सोडायची आणि खडू कुठवर भिजला ते बघून आकडा लिहायची. ते आकडे बंगल्याच्या मागच्या खोलीतल्या यंत्रात जायचे. त्या खोलीला ए.सी. होता, चपला दाराबाहेर काढाव्या लागत, आणि आत बसायचा तो आमचा ऑपरेटर चंद्रभान धोंडबा गजभिये. मी शरच्चंद्र, वय सव्वीस, बी.ई., प्रोग्रॅमर. चंद्रभानचं वय चव्वेचाळीस. पंधरा वर्षांच्या नोकरीनंतरही हजेरीपटावर त्याच्या नावापुढे ‘मजूर’ असं लिहिलेलं असे.

तो पारशिवनीकडच्या एका खेड्यातला. छप्पन साली, तेरा वर्षांचा असताना, बापाबरोबर पायी चालत नागपूरला दीक्षेला आला होता. “तवापासून चालूनच राहिलो,” असं म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. बहात्तर साली संस्थेत लागला तो विहिरी मोजायला. पुढे आकड्यांची भोकं पाडलेल्या पंचकार्डांचे खोके इकडून तिकडे नेता नेता कुठलं कार्ड कुठल्या गावचं ते त्याला तोंडपाठ झालं. डॉक्टरसाहेबांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी त्याला यंत्रापुढे बसवलं. काम ऑपरेटरचं आणि रोज मजुराचा, असा हा आवळा देऊन कोहळा काढण्याचा प्रकार होता. डॉक्टरसाहेब मात्र त्याला ‘गुणग्राहकता’ म्हणत.

डॉक्टरसाहेबांनी परदेशातून येताना यंत्राच्या एका चुंबकीय टेपवर प्रोलॉग नावाची भाषा आणली होती. ही भाषा तर्काची. इतर भाषांत यंत्राला काम कसं करायचं ते पायरीपायरीनं सांगावं लागतं. हिच्यात फक्त खरं काय आहे ते सांगायचं, नियम सांगायचे आणि प्रश्न विचारायचा. यंत्र आपलं आपण शोधून ‘येस’ किंवा ‘नो’ म्हणतं. मात्र रोज सकाळी ती सुरू केली की आधी तिला वागायचं कसं ते सांगावं लागे. नव्या सुनेला पहिल्या दिवशी घरातल्या चालीरीती सांगतात, तसं. ह्या चालीरीतींना आम्ही फ्लॅग म्हणायचो. असे सहा फ्लॅग होते. उत्तर किती लांब छापायचं, मधल्या पायऱ्या दाखवायच्या की झाकायच्या, असले चार किरकोळ. उरलेले दोन म्हणजे ज्यांवर त्या सकाळी चंद्रभान अडून बसला होता ते. मागितलेली फाइल जागेवर नसेल तर ओरडायचं की गप्प बसायचं, हा पहिला. आणि ज्या गोष्टीबद्दल यंत्राला काहीच सांगितलेलं नाही ती कुणी विचारली, तर ‘हे मला माहीत नाही’ म्हणून थांबायचं की सरळ ‘नो’ म्हणून मोकळं व्हायचं, हा दुसरा.

चंद्रभाननं हे सहाही फ्लॅग एका पुठ्ठ्यावर लिहून टर्मिनलच्या वर टांगले होते. रोज सकाळी तो ते मोठ्यानं वाचत टाइप करायचा. मी एकदा गंमत म्हणून विचारलं, “चंद्रभान, तुला ह्यातलं काही कळतं, की आपला पोपट?”

“कळते ना साहेब,” तो म्हणाला. “मी विहिरी मोजाचो तवा कोनाच्या वाडीले कुलूप राहे, कोनाचा कुत्रा अंगावर ये. मंग वहीत का लिवाचं? ‘मोजली नाही’ लिवाचं. ‘कोरडी’ नाई लिवाचं. एका पोट्ट्यानं घरी बसून कोरडी लिवलं होतं. दोन वर्सं त्या गावात नवी विहीर नाई मंजूर झाली. पानीच नाई म्हनत तिथं. ह्या मशीनचंबी तसंच हाये. तिले माहीत नसंन तं तिनं तसं सांगावं.”

मी ही गोष्ट चहाच्या वेळी सगळ्यांना नक्कल करून सांगितली. ‘चंद्रभानबुवांचं प्रवचन’ म्हणून ती आठवडाभर चालली. खरं सांगायचं तर तो फ्लॅग मला चार वर्षं इंजिनिअरिंग शिकून जेवढा कळला नव्हता तेवढा त्याला कळला होता, आणि हे मला सहन होत नव्हतं.

आदल्या वर्षी सरकारचं परिपत्रक आलं होतं. ज्या रोजंदारी कामगारांनी कुठल्याही पाच वर्षांत दर वर्षी दोनशे चाळीस दिवस भरले असतील त्यांना कायम करा. आमच्याकडे रोजंदारीवर तीनशे बारा माणसं होती. सरळ हजेरीपट उघडून बघता आलं असतं. पण डॉक्टरसाहेबांना यंत्राचं महत्त्व मुंबईला पटवायचं होतं. माणूस नात्यागोत्याचं बघेल, यंत्र बघणार नाही, असं त्यांनी वर लिहून कळवलं. यादी यंत्र करणार, तीही मुंबईच्या सचिवांसमोर, असं ठरलं.

हजेरीच्या दोन फाइली होत्या, ऐंशीपर्यंतची जुनी आणि नंतरची नवी. नियम सोपा होता. नवीत पाच वर्षं भरली तर पात्र. नाही भरली तर जुनीत बघ. आता ऐंशीनंतर संस्थेनं काय केलं होतं, तर जुन्या माणसांचा हक्क होऊ नये म्हणून त्यांना वर्षातून चार-साडेचार महिने घरी बसवायला सुरुवात केली होती. नंतर लागलेले होते साहेब लोकांचे भाचे-पुतणे. त्यांना कुणी घरी बसवलं नाही. म्हणजे भाचे-पुतणे नव्या हजेरीत सुखरूप, आणि जुन्या माणसांची सगळी पुण्याई एकट्या जुन्या फाइलीत. चंद्रभानही त्यातलाच. ऐंशीनंतर तोही कागदोपत्री घरी बसलेला असे. प्रत्यक्षात त्या महिन्यांतही तो यंत्रापुढेच दिसायचा.

तीन महिने खपून त्यानं पंधरा वर्षांची हजेरी यंत्रात भरली. मग आम्ही दहा-दहा नावं घेऊन चाचण्या केल्या. त्या वेळी रुखमाबाई काही कामानं कचेरीत आली होती. ती चंद्रभानच्या गावची, पन्नाशीची विधवा. त्यानंच तिला कामाला लावलं होतं. वीस गावांच्या विहिरी ती एकटी मोजायची. चंद्रभाननं तिला चप्पल काढायला लावून आत आणलं आणि तिचं नाव टाइप केलं. पडद्यावर ‘येस’ आलं.

“म्हंजे का झालं गा?” तिनं विचारलं.

“म्हंजे तुमी कायम, मावशी.”

तिनं दोन्ही हात पडद्याकडे करून कानशिलांवर बोटं मोडली. मी म्हटलं, “चंद्रभान, तुझंही विचारून टाक की.”

“आपलंच नाव काहून इचारू साहेब?” तो लाजून म्हणाला. “आठ वर्सं माह्या हातानं भरली हायेत. मले माहीत हाये ना.”

सचिव यायच्या आदल्या संध्याकाळी डॉक्टरसाहेबांना वाटलं, स्वागताला पडद्यावर जिल्ह्याचा नकाशा हवा, नद्या वगैरे दाखवून. मी नकाशा काढला तर डिस्कवर जागा उरेना. सगळ्यात मोठी फाइल जुन्या हजेरीची. ती मी टेपवर उतरवली, टेपवर माझ्या हातानं चिठ्ठी लावली आणि डिस्कवरून ती फाइल पुसली. नकाशा दाखवून झाला की पुसायचा आणि फाइल परत चढवायची, असा बेत होता. चंद्रभान तेव्हा घरी गेला होता. सकाळी नकाशातली कन्हान नदी भलतीकडेच वाहायला लागली, मी तिच्या मागे लागलो आणि फाइल साफ विसरलो.

तर त्या सकाळी चंद्रभाननं ते दोन फ्लॅग साहेबांच्या हुकुमानं बदलले. त्या दिवशी त्यानं मोठ्यानं वाचले नाहीत. मग हजेरीच्या दोन्ही फाइली मागितल्या. जुनी फाइल जागेवर नव्हती. पण ओरडू नकोस असं सांगितलेलं होतं, म्हणून यंत्र ओरडलं नाही.

साडेदहाला सचिव आले. बरोबर आठ-दहा माणसं, एक वर्तमानपत्रवाला. सगळ्यांनी बूट काढले, मोज्यांवर आत आले. नकाशाचं कौतुक झालं. मग डॉक्टरसाहेबांनी इंग्रजीतून तर्कभाषा समजावून सांगितली आणि यादीतली नावं विचारायला सुरुवात केली. येस, येस, येस. चौथं नाव जुन्या माणसाचं निघालं. पडद्यावर ‘नो’ आलं.

तेव्हा मला आठवलं.

एवढंच म्हणायचं होतं, “सर, एक मिनिट, एक फाइल राहिली आहे.” शाळेतल्या पोरालाही आलं असतं. पण सचिव माझ्यापासून दोन हातांवर उभे होते, वर्तमानपत्रवाला लिहून घेत होता, आणि माझं प्रोबेशन जूनमध्ये संपायचं होतं. मी म्हटलं, नंतर सांगू. पाठोपाठ दोन ‘नो’ आले. तिसरा रुखमाबाईचा. चंद्रभानची बोटं थांबली. त्यानं मान वळवून आधी डॉक्टरसाहेबांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“आगे चलो, गजभिये,” डॉक्टरसाहेब म्हणाले.

तेवढ्यात सचिवांनी विचारलं, “हे जे यंत्र चालवतायत, हेही रोजंदारीवरच आहेत का?”

“यस सर. फिफ्टीन इयर्स.”

“मग ह्यांचंच विचारू या की. कायम झाल्याची बातमी ह्यांची ह्यांनाच कळू द्या.”

सगळ्यांना कल्पना आवडली. मागे कुणीतरी टाळी वाजवली. चंद्रभाननं शर्टाला हात पुसले आणि स्वतःचं नाव टाइप केलं. त्याच्या पाठीवरून मला दिसत होतं, त्याला कळलेलं होतं. तरी माणसाला आशा असतेच.

‘नो.’

चंद्रभाननं तेच नाव पुन्हा टाइप केलं. पुन्हा ‘नो’. आणि मग सचिव मोठ्यानं हसले. ते हसले म्हणून सगळे हसले. तो तिसऱ्यांदा टाइप करायला लागला तेव्हा तर हसणं थांबेचना. वर्तमानपत्रवाल्यानं डोळे पुसले. मीही हसलो. आज तीस-पस्तीस वर्षांनीसुद्धा ते माझं हसणं मला ऐकू येतं आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

“वा! ह्याला म्हणतात निःपक्षपातीपणा,” सचिव म्हणाले. “ज्या हातानं यंत्राला खाऊपिऊ घातलं, त्या हातालाही यंत्र भुललं नाही. डॉक्टर, आणा ती यादी. इथंच सही करतो.”

आणि उभ्या उभ्या त्यांनी सही केली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तेच छापून आलं, स्वतःच्या चालकालाही नकार देणारं यंत्र.

त्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचलो तेव्हा चंद्रभान आधीच आला होता. त्यानं ते दोन फ्लॅग पूर्ववत केले होते आणि यंत्र पुन्हा सुरू केलं होतं. आता यंत्र बोलत होतं. जुन्या हजेरीची फाइल सापडत नाही, जुनी हजेरी म्हणजे काय ते मला माहीत नाही. त्यानं ते छापून घेतलं आणि कागद फाडून माझ्यासमोर धरला.

“साहेब, कालबी हे असंच बोललं असतं,” तो म्हणाला. “बोलू देलं नाई आपन.” मग कागद खाली ठेवून, “ते टेप तुमच्या टेबलावर हाये. लावू काय?”

चिठ्ठीवर माझं अक्षर होतं. त्यानं ते वाचलं होतं. मी नुसती मान हलवली. त्यानं टेप लावली, फाइल चढवली आणि सगळी यादी पुन्हा छापली. काल नाकारलेले अडतीस जण पात्र ठरत होते. तो ती यादी घेऊन डॉक्टरसाहेबांकडे निघाला. “तुमीबी चला साहेब,” म्हणाला, म्हणून मीही गेलो.

डॉक्टरसाहेबांनी कागद बघितला. त्यांच्या टेबलावर ते वर्तमानपत्र पसरलेलं होतं.

“मैं मुंबई को क्या लिखूँ? मशीन झूठ बोली?”

“मशीन खोटं नाई बोलली साहेब. तिले फाइलच भेटली नाई.”

“फाइल किसने निकाली?”

ते माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, “फाइली लोड करणं ऑपरेटरचं काम आहे, सर.”

हे वाक्य खोटं नव्हतं. शब्दन् शब्द खरा होता. आयुष्यात मी खोटी वाक्यं पुष्कळ बोललो, पण त्या एका खऱ्या वाक्याइतकं नीच दुसरं नाही.

चंद्रभाननं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हा टेपचं नाव काढणार. त्यानं डॉक्टरसाहेबांना विचारलं, “साहेब, चूक कोनाची ते लिवून देलं, म्हंजे यादी दुरुस्त होते काय?”

डॉक्टरसाहेबांनी विचार केला. “ऑपरेटर की गलती हो तो हो सकती है. मशीन की गलती नहीं हो सकती.”

“तं माही लिवा.”

“तुम्हारा नाम भी है इसमें. फिर तुम कायम नहीं होगे, समझते हो?”

“माहं काढून टाका. सदतीस पाठवा.”

त्यानं तिथंच, उभ्यानं, डॉक्टरसाहेबांच्या पेननं लिहून दिलं. ‘मी चंद्रभान धोंडबा गजभिये, मजूर, लिहून देतो की जुन्या हजेरीची फाइल लावण्याचे माझ्याकडून राहून गेले. त्यामुळे सदतीस लोकांचे नुकसान झाले. यंत्राचा दोष नाही. तरी सुधारित यादी वर पाठवावी ही विनंती.’ सही करून त्यानं कागद दोनदा वाचला आणि नव्या यादीवर ठेवला. डॉक्टरसाहेबांनी दोन्ही कागद टाचणी लावून टेबलाच्या खणात टाकले. “आज ही भेजता हूँ,” म्हणाले.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, “चंद्रभान, मी…”

“राहू द्या साहेब,” तो म्हणाला. “तुमचं लगन व्हाचं हाये अजून.”

मला राग आला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मी काही बोलू शकलो असतो. हा माणूस माझ्यापेक्षा मोठा होऊन बसला होता आणि मला खाली बघायला लावत होता. माणसाचं मन असं चमत्कारिक असतं. ज्याचं आपण वाईट केलं तोच आपल्याला आवडेनासा होतो.

चार दिवसांनी त्या खणातून एक कागद बाहेर आला, चंद्रभानचा. तो नोटीस बोर्डावर लागला. शेजारी दुसरा, निष्काळजीपणाबद्दल गजभिये यांना एप्रिलअखेर कामावरून कमी करण्यात येत आहे, तोवर त्यांनी नव्या ऑपरेटरला काम शिकवावे. नवा ऑपरेटर म्हणजे डॉक्टरसाहेबांच्या मेव्हण्याचा मुलगा. चंद्रभाननं त्याला महिनाभर मन लावून शिकवलं.

यादी खणातच राहिली. शिक्का आणायला गेलो की मला ती दिसायची, टाचणी तशीच लावलेली. एप्रिलच्या मध्यात मी एकदा धीर करून म्हटलं, “सर, ही पाठवायची राहिली आहे.”

डॉक्टरसाहेबांनी मान वरही केली नाही. “शरद, तुम्हारा कन्फर्मेशन लेटर टाइप हो रहा है. नाम का स्पेलिंग देख लेना.”

मी खण लावून घेतला.

चंद्रभानचा शेवटचा दिवस आला. एप्रिलची तीस तारीख, दुपारचे साडेतीन, आमच्याकडचं ऊन कसं असतं ते सांगायला नको. मी व्हरांड्यात चहाचा कप घेऊन उभा होतो. तो पिशवी घेऊन बाहेर आला, सायकल काढली आणि फाटकाशी पोचला तर तिथं पंचवीस-तीस माणसं उभी होती. त्याच यादीतली. कुणी पारशिवनीहून आलेलं, कुणी खापरखेड्याकडून. महिनाभर ती माणसं कचेरीत खेटे घालत होती, आणि विचारलं की शिपाई त्यांना बोर्ड दाखवत होता.

रुखमाबाई पुढे झाली.

“चंद्रभान, बोर्डावर लावलं ते तूच लिवलं?”

“हो, मावशी.”

“माह्या समोर तू मशीनले इचारलं होतं. हो म्हनलं होतं मशीननं.”

“हो म्हनलं होतं.”

“मंग फाइल लावाले काहून इसरला गा? बाकीच्याइची लावली, आमचीच काहून इसरला?”

मागून एकजण ओरडला, “साहेबाइनं काई चारलं असंन त्याले!”

“अबे, त्यालेच त काढलं कामावरून,” दुसरा म्हणाला.

“नाटक हाये ते! उद्या मांगच्या दारानं घेतीन.”

चंद्रभाननं वर बघितलं, व्हरांड्याकडे. आमची नजरानजर झाली. आता तो माझ्याकडे बोट करणार, ह्याची मला खात्री होती. काय उत्तर द्यायचं ते मी महिनाभर घोकून ठेवलं होतं. फाइली लोड करणं ऑपरेटरचं काम आहे.

त्यानं नजर काढून घेतली.

“मावशी, नवी यादी मुंबईले गेली हाये,” तो म्हणाला. “समद्याइची नावं हायेत तिच्यात. मी माह्या हातानं छापली. म्हैना-दोन म्हैने थांबा. मी आता काई उलटंसुलटं बोललो तं ते कागद वापस येईन. जरासं थांबा.”

यादी माझ्या पाठीमागच्या खोलीत होती. दहा पावलांवर. मला ओरडून सांगता आलं असतं, की अरे बाबा, कसली मुंबई, कसली यादी, बोल तू, सांग ह्यांना खरं, तुझ्या गप्प बसण्यानं कुणाचंही काही होणार नाही. मी चहा प्यालो. गार झाला होता.

“अजून थांबा म्हंते!” रुखमाबाई म्हणाली. “बारा वर्सं थांबली ना मी, मेल्या! तुह्या शब्दावर थांबली!”

तिनं पायातली चप्पल काढली आणि त्याला मारली. खांद्यावर, मग तोंडावर, मग पुन्हा तोंडावर. त्यानं हात वर केला नाही. एका हातात सायकल होती, तिचं हँडल तेवढं घट्ट धरून ठेवलं. तिसऱ्या फटक्याला चप्पल तिच्या हातून सुटली आणि सायकलच्या चाकापाशी जाऊन पडली. रबरी चप्पल होती, तिचा अंगठ्याचा पट्टा भोकातून निघून आला होता. रुखमाबाई एका पायावर रडत उभी राहिली. तापलेल्या डांबरावर तिला दुसरा पाय टेकवेना.

गर्दीतलं कुणी हललं नाही.

चंद्रभाननं सायकल स्टँडवर लावली. खाली बसला, चप्पल उचलली, तिच्यावरची धूळ मांडीला पुसली. ओठातून आलेलं रक्त चपलेवर पडू नये म्हणून त्यानं तोंड बाजूला केलं. पट्ट्याचं बोंड अंगठ्यानं दाबून दाबून त्यानं पुन्हा भोकात घातलं, दोनदा ओढून बघितलं आणि चप्पल तिच्या पायापुढे सरळ करून ठेवली.

“घाला, मावशी,” तो म्हणाला. “जमीन तपली हाये.”

रुखमाबाईनं त्याच्या खांद्यावर हात टेकवला आणि चपलेत पाय घातला.